घर उभं आहे का? सांताक्रुझच्या डोंगरातला २०२० चा वणवा आणि घर सोडून आलेल्यांपर्यंत पोचलेली माहिती

वणव्याच्या सरकारी निवेदनात चार आकडे हमखास असतात. किती एकर जळलं, किती टक्के आटोक्यात आलं, किती जवान आगीशी झुंजतायत आणि किती इमारती धोक्यात आहेत. घरदार सोडून आलेल्या माणसाला यातला एकही आकडा नको असतो. त्याला विचारायचं असतं, माझं घर उभं आहे का? आणि त्याचं उत्तर मिळालं, की लगेच दुसरं: मी परत कधी जाऊ?

निवेदन देणारा एक बोलतोय आणि ऐकणारा भलतंच शोधतोय, हा प्रकार जवळपास प्रत्येक मोठ्या वणव्यात दिसतो. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रुझ डोंगरांमधला ऑगस्ट २०२० चा वणवा मी इथे निवडलाय, कारण तिथे माहिती देण्याची व्यवस्था वाईट नव्हती. रोज माहिती दिली जात होती, वेळेवर दिली जात होती, देणारी माणसं जाणकार होती. तरीही हजारो लोक उपग्रहाच्या नकाशावरचे लाल ठिपके मोजत रात्री काढत होते. व्यवस्था चांगली असूनही असं का झालं, हे पाहण्यासारखं आहे.

डोंगर आणि वीज

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, पॅसिफिकचा किनारा आणि सिलिकॉन व्हॅली यांच्या मधोमध ही डोंगररांग आहे. रेडवूडची आभाळाला भिडणारी झाडं, ओल्या दऱ्या, समुद्रावरून चढून येणारं धुकं. सॅन लोरेन्झो नदीच्या खोऱ्यात हायवे ९ च्या कडेने फेल्टन, बेन लोमंड आणि बोल्डर क्रीक ही गावं आहेत. पश्चिमेला उंचावर बॉनी डून, किनाऱ्याच्या बाजूला डेव्हनपोर्ट आणि स्वॉन्टन. मुख्य रस्ता सोडला की एकेरी, वळणावळणांचे आणि कित्येकदा खासगी रस्ते लागतात. मोबाईलची रेंज तिथे आधीच बेताची. वीज गेली की घरचं इंटरनेट बंद, आणि टॉवरची बॅटरी संपली की उरलंसुरलंही बंद. म्हणजे माहितीची गरज सर्वांत जास्त असते त्याच तासांत ती पोचवण्याचे रस्ते एकेक करून मिटत जातात.

१६ ऑगस्टच्या पहाटे विजांचं वादळ आलं. पाऊस नावापुरता, विजा मात्र ठिकठिकाणी. त्या दोन-तीन दिवसांत राज्यभर हजारो विजा कोसळल्या आणि शेकडो वणवे पेटले. सांताक्रुझच्या डोंगरात लागलेल्या अनेक लहान आगींना मिळून एक नाव पडलं, ‘सीझेडयू लायटनिंग कॉम्प्लेक्स’. सीझेडयू हे राज्याच्या अग्निशमन खात्याच्या, म्हणजे कॅल फायरच्या, सॅन मटेओ-सांताक्रुझ विभागाचं सांकेतिक नाव, आणि कॉम्प्लेक्स म्हणजे एकाच हुकमाखाली हाताळल्या जाणाऱ्या अनेक आगी. आगीला खात्याच्या अंतर्गत संकेतावरून नाव द्यायचं, यात खात्याची सोय आहे. पण बोल्डर क्रीकच्या माणसाला त्या तीन अक्षरांतून आपल्या डोंगराचा पत्ता लागत नाही. पहिला अडथळा तिथेच.

पहिले दोन दिवस या आगी सुट्या सुट्या धुमसत होत्या. १८ ऑगस्टला वारा फिरला, धुक्याचं कवच नव्हतंच, आणि रात्रीतून आगी एकमेकींना जाऊन मिळाल्या. मग गावांमागून गावं रिकामी करण्याचे आदेश निघत गेले. खोऱ्यातली वरची गावं आधी, मग खालची, पुढे स्कॉट्स व्हॅली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा सांताक्रुझ इथला परिसरसुद्धा. सुमारे ७७,००० लोक बाहेर पडले. आग पूर्ण आटोक्यात आली २२ सप्टेंबरला. तोवर ८६,५०९ एकर, म्हणजे साधारण ३५० चौरस किलोमीटर रान जळलं होतं, १,४९० इमारती गेल्या होत्या. त्यातली ९११ एकट्या सांताक्रुझ काउंटीतली, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातली, राहती घरं. एका माणसाचा जीव गेला. १९०२ साली स्थापन झालेलं बिग बेसिन रेडवूड्स हे राज्यातलं सर्वांत जुनं सरकारी उद्यान ९७ टक्के होरपळलं.

हे सगळं घडलं तेव्हा राज्याच्या इतर भागांतही प्रचंड वणवे चालू होते. बंब आणि माणसं सगळ्यांनाच हवी होती. धूर इतका दाट की सुरुवातीचे दिवस विमानांना नीट उडता येईना. त्यात कोविडचं पहिलं वर्ष, त्यामुळे मोठ्या सभागृहात शेकडो खाटा टाकून लोकांना एकत्र ठेवणंही अवघड. कित्येक कुटुंबं गाडीत, तंबूत, नातेवाइकांच्या गॅरेजमध्ये. हॉटेलच्या खोल्या विस्थापितांना मिळाव्यात म्हणून सुट्टीवर आलेल्या पर्यटकांना परत जाण्याची विनंती करण्यात आली. विस्थापित असे विखुरले की ‘छावणीत जाऊन फळ्यावर सूचना लावू’ हा जुना उपाय कामाचा राहत नाही.

सहाचा ठोका

या प्रकरणात जे नेटकं झालं ते आधी सांगतो. कॅल फायरने रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पत्रकार परिषद घेतली आणि ती फेसबुकवर थेट दाखवली. ती पत्रकारांपेक्षा विस्थापितच जास्त पाहत असावेत. मोठा नकाशा मागे लावलेला, ऑपरेशन्स प्रमुख मार्क ब्रंटन हातात काठी घेतल्यासारखे एकेक खोरं, डोंगराची एकेक धार दाखवत पुढे सरकतायत, मग शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचे, अधिकारी, मग काउंटीचे लोक.

वेळ ठरलेली असण्याचं मोल घरात बसून कळत नाही. पुढची माहिती कधी येणार हे ठाऊक नसलं की माणूस दर पाच मिनिटांनी फोन उघडतो, झोपत नाही, आणि मधल्या वेळेत जे कानावर येईल ते खरं मानतो. संध्याकाळी सहाला कळणार आहे हे माहीत असलं की दुपारी दोनच्या अफवेला ‘थांब, सहाला बघू’ असं म्हणता येतं. माझ्या मते या वणव्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता. सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी सहाला उभं राहायचं आणि ‘नवं काही नाही’ एवढं सांगायचं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे बोलणारा माणूस तोच असणं. चेहरा ओळखीचा झाला की त्याच्या आवाजातली काळजीही लोकांना वाचता येते. आगीशी लढणारा माणूस स्वतः नकाशासमोर उभा राहिला की ‘आम्ही त्या धारेवर उभे राहणार होतो पण राहू शकलो नाही’ असं वाक्यही पचतं. जनसंपर्क विभागाच्या लेखी निवेदनात ते वाक्य आलंच नसतं.

एक प्रसंग त्या दिवसांत अधिकाऱ्यांनी सांगितला. आगीवर काम करत असलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गाडीतून पाकीट चोरीला गेलं आणि त्याचं बँक खातंही रिकामं केलं गेलं. आगीच्या माहितीशी याचा तसा काही संबंध नाही. पण रिकाम्या गावांत चोर फिरतायत ही धास्ती प्रत्येक विस्थापिताला होती, आणि ‘आम्हालाही तोच त्रास होतोय, गस्त वाढवलीय’ हे ऐकल्यावर ती जरा हलकी झाली असेल. माणसं गाव सोडायला का तयार होत नाहीत, यामागे आगीइतकंच हे कारण असतं.

टक्क्यांचा घोळ

सगळ्यांत जास्त गैरसमज झाला तो ‘कंटेनमेंट’, म्हणजे ‘किती टक्के आटोक्यात’, या शब्दाचा. पहिले काही दिवस आकडा शून्य टक्क्यांवर अडून बसला. बाहेर बसलेल्यांनी त्याचा अर्थ घेतला: काहीच होत नाहीये, सगळं जळतंय. पुढे आकडा दहा-पंधराच्या घरात गेला तेव्हा अर्थ घेतला गेला: नव्वद टक्के अजून पेटलेलं आहे.

दोन्ही चूक. कंटेनमेंट हा आगीच्या कडेचा हिशेब असतो, आतल्या जागेचा नव्हे. आगीच्या परिघाभोवती माती खरवडून काढलेली जाळरेषा, रस्ता, नदी असा अडसर जिथे आहे आणि आग तो ओलांडणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री झाली आहे, तेवढ्याच लांबीची टक्केवारी त्यात धरतात. शून्य टक्के असतानाही एखादं गाव वाचवलेलं असू शकतं. बोल्डर क्रीकची मुख्य पेठ वाचली ती टक्केवारी वाढल्यामुळे नाही, तिथे माणसं उभी राहिली म्हणून. उलट, पन्नास टक्के झाले तरी तुमचं घर उरलेल्या पन्नासाच्या बाजूला असेल तर तो आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही.

पत्रकार परिषदांत हे समजावून सांगितलं गेलंच. तरी बातमीच्या मथळ्यात जायचा तो आकडाच. तज्ज्ञ मंडळींची एक सवय इथे आडवी येते. आपल्या कामाचं मोजमाप लोकांच्याही उपयोगाचं आहे असं त्यांना मनापासून वाटतं. एकर आणि टक्के ही आगीशी लढणाऱ्यांची मापं आहेत. त्यावरून वरच्या कार्यालयात बंब मागता येतात. विस्थापिताचं माप रस्ता आहे. ‘आग अमक्या रस्त्याच्या पश्चिमेला थांबली आहे, पूर्वेला अजून आलेली नाही’ हे एक वाक्य त्याच्यासाठी त्या चार आकड्यांपेक्षा मोलाचं. ब्रंटन नकाशावर बोट ठेवून रस्त्यांची आणि ओढ्यांची नावं घेत, तेव्हा लोक का खिळून राहत ते यावरून समजावं.

मधल्या बारा तासांत

सहा ते सहा. मधले बारा तास कोणी भरून काढायचे?

ते ठिपक्यांनी भरले. नासाचे आणि इतर संस्थांचे उपग्रह दिवसातून काही वेळा वरून जाताना जमिनीवरची उष्णता टिपतात आणि ती माहिती कुणालाही पाहता येते. नकाशावर लाल ठिपका दिसतो. तो आपल्या गल्लीवर दिसला की पोटात गोळा येतो. पण त्यातल्या बऱ्यापैकी बारकाईच्या साधनाचा एक ठिपका जमिनीवरच्या ३७५ मीटर बाजूच्या चौरसासाठी असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर. त्या चौरसात कुठेतरी काहीतरी तापलेलं होतं, एवढंच तो सांगतो. घर जळतंय, अंगणातला ओंडका धुमसतोय की वरच्या उतारावर गवत पेटलंय, हे त्यातून कळत नाही. ठिपका नाही म्हणजे आग नाही, असंही नाही. उपग्रह दोन फेऱ्यांच्या मध्ये असतो, धूर आणि दाट झाडीही आड येते. नकाशा मात्र गल्लीपर्यंत मोठा करता येतो, आणि मोठा करता येतो म्हणून तो तितका अचूक असेल असं वाटतं.

कुणी अग्निशमन दलाच्या रेडिओवरचं बोलणं ऐकत होतं, कुणी डोंगरमाथ्यावरच्या कॅमेऱ्यांतून धूर कुठल्या बाजूला झुकतोय ते पाहत होतं, कुणी पाणी टाकणारं विमान कुठे घिरट्या घालतंय यावरून अंदाज बांधत होतं. यात मूर्खपणा काही नाही. हातात जे आहे त्यातून उत्तर काढायची ती धडपड होती. खात्याने त्याकडे अफवा म्हणून पाहिलं की भांडण होतं. ‘हा ठिपका असा वाचा’ असं पाच मिनिटं रोज सांगितलं, तर तेच लोक शेजाऱ्यांना समजावतात.

याहून नाजूक मामला होता मागे राहिलेल्यांचा. बॉनी डून, स्वॉन्टन, लास्ट चान्स रोडच्या भागात काही रहिवासी गेलेच नाहीत. स्वतःच्या टाक्या, पंप, फावडी घेऊन त्यांनी घरं वाचवायचा प्रयत्न केला, आणि काही ठिकाणी वाचवलीही. अधिकारी रोज बजावत होते की असं करू नका, तुम्हाला सोडवायला आमची माणसं आगीवरून काढावी लागतात. ते खरंच होतं, आणि या वणव्यातला एकमेव मृत्यू लास्ट चान्सच्या भागातलाच. पण बाहेर बसलेल्यांसाठी हीच मागे राहिलेली माणसं माहितीचा सर्वांत विश्वासू झरा होती. ‘तुझं घर मी आत्ता पाहिलं, उभं आहे’ असं सांगू शकणारं दुसरं कुणी नव्हतंच. म्हणजे ज्यांना खातं कायदा मोडणारे म्हणत होतं त्यांच्याकडेच लोकांना हवं ते उत्तर होतं. सरकारी माहिती जितकी ढोबळ, तितकी मागे राहणाऱ्याची किंमत वाढते, आणि पुढच्या वेळी थांबायचा मोहही वाढतो. हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे बंद केलेल्या भागात पत्रकारांना जाता येतं, रहिवाशांना नाही. त्यामुळे जळलेल्या घराचं उभं राहिलेलं धुराडं बातमीतल्या फोटोत ओळखायची वेळ मालकावर येऊ शकते. पत्रकारांना अडवा असं मी म्हणत नाही, त्यांच्यामुळेच बरंच काही कळतं. पण या शर्यतीत खातं मागे पडणार हे गृहीत धरून तयारी असायला हवी.

ऑर्डर, वॉर्निंग आणि झोन

कॅलिफोर्नियात दोन शब्द ठरलेले आहेत. वॉर्निंग म्हणजे धोका संभवतो. ज्यांना निघायला वेळ लागणार, ज्यांच्याकडे पाळीव प्राणी वा गुरं आहेत त्यांनी आताच निघावं. ऑर्डर म्हणजे जीविताला तातडीचा धोका आहे, लगेच निघा, आणि तो भाग कायद्याने लोकांसाठी बंद. शब्द दोनच असल्यामुळे रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसालाही अर्थ लागतो.

अडचण असते ती ‘तो भाग’ कुठला, याची. ‘हायवेच्या पश्चिमेला, अमक्या रस्त्याच्या उत्तरेला, तमक्या ओढ्यापर्यंत’ अशी वर्णनं अंधारात, धुरात, घाईत डोक्यात बसत नाहीत. या वणव्याच्या सुमारास तिथे काउंटीचे आधीच तुकडे पाडून प्रत्येकाला नाव देण्याची पद्धत आली. बोल्डर क्रीकच्या तुकड्यांना बीओयू, फेल्टनच्या तुकड्यांना एफईएल अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक. मग ‘अमका झोन, ऑर्डर’ एवढंच पुरतं. फोनवर सांगता येतं, कागदावर लिहिता येतं, भाषा येत नसली तरी दाखवता येतं. किनाऱ्याच्या शेतांवर आणि पेस्काडेरोच्या बाजूला स्पॅनिश बोलणारे शेतमजूर मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्यासाठी तर हे फार महत्त्वाचं.

पण झोनचं नाव आधी पाठ असेल तरच त्याचा उपयोग. आग दारात आल्यावर ‘तुमचा झोन कुठला ते संकेतस्थळावर बघा’ असं सांगणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला लावणं. वीज नाही, इंटरनेट नाही, बघणार कुठे?

झोनचा एक फायदा मात्र आग विझल्यावर कळतो. विमा कंपनी विचारते की तुम्हाला घर सोडायचा आदेश कधी लागू झाला आणि कधी उठला, कारण बाहेर राहण्याचा खर्च त्यावर ठरतो. झोन, तारीख आणि वेळ असलेलं प्रत्येक निवेदन जपून ठेवलेलं असलं तर हे एका ओळीत दाखवता येतं. रोज जुनं पुसून त्याच जागी नवं लिहिण्याची सवय असते, तिथे विस्थापिताला दोन महिन्यांनी स्वतःचीच गोष्ट सिद्ध करत बसावं लागतं.

घराघराची यादी

शेवटी उत्तर आलं ते नकाशावर. कॅल फायरची पाहणी पथकं एकेका इमारतीजवळ जातात, फोटो काढतात आणि पाच वर्गांत नोंद करतात: हानी नाही, किंचित झळ, थोडं नुकसान, मोठं नुकसान, नष्ट. अर्ध्याहून जास्त गेलं की नष्ट. ही नोंद नकाशावर चढवली की माणूस आपला पत्ता टाकून पाहू शकतो.

हा नकाशा लवकर द्यायचा की पक्का करून द्यायचा, यावर दोन मतं आहेत. कच्च्या यादीत चुका राहतात. पाहणी पथकाला रस्त्यावरची पाटी जळालेली सापडते, एकाच आवारात तीन बांधकामं असतात, शेजारच्या जळलेल्या शेडची खूण तुमच्या घरावर पडते. ज्याचं घर उभं आहे त्याला ते गेल्याचं सांगितलं गेलं तर तो धक्का लहान नाही, आणि उलट झालं तर त्याहून वाईट. तरी मी लवकर देण्याच्या बाजूचा आहे. न सांगण्याने माणूस शांत राहत नाही, तो ठिपक्यांकडे परत जातो. फक्त कच्ची यादी कच्ची आहे हे प्रत्येक नोंदीवर लिहिलेलं हवं, आणि चूक सापडली तर कुणाला कळवायची तेही.

अशा नकाशात एक सापळा असतो आणि तो बनवणाऱ्याला दिसत नाही. आपल्या घरावर खूणच नसली तर काय समजायचं? घर सुखरूप, की अजून तिथे कुणी पोचलंच नाही? बनवणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ असतो, बघणारा पहिला धरून देवाचे आभार मानून मोकळा होतो. ‘अजून पाहणी नाही’ अशी वेगळी राखाडी खूण द्यायला फारसं काही लागत नाही.

पाणी

परत जाण्याची परवानगी ऑगस्टच्या शेवटापासून झोनमागून झोन मिळत गेली. वरच्या खोऱ्यातल्यांना जास्त थांबावं लागलं. आग गेली तरी मुळं जळलेली झाडं वारा नसतानाही पडतात, विजेच्या तारा लोंबत असतात, जळलेले पूल गाडीचं वजन पेलतील का ते तपासावं लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला धूर दिसत नाही, मग अडवतायत का? रोजच्या निवेदनात ‘तुमच्या झोनची परवानगी या तीन कामांसाठी थांबली आहे’ असं कारण लिहिलं, तर चौकीवरच्या पोलिसाशी होणारे निम्मे वाद तिथेच मिटतील.

आणि मग पाण्याचं आलं. सॅन लोरेन्झो खोऱ्याला पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या डोंगरातल्या प्लास्टिकच्या जलवाहिन्या आगीत वितळल्या. पाण्याच्या नमुन्यात बेंझीन सापडलं आणि काही भागांत सूचना निघाली: पिऊ नका, उकळूही नका. कॅलिफोर्नियात पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा अब्जात एक भाग इतकी कडक आहे. कॅलिफोर्नियातल्याच २०१७ च्या ‘टब्स’ आणि २०१८ च्या ‘कॅम्प’ या वणव्यांनंतरही जळलेल्या भागांच्या पाण्यात हेच विष सापडलं होतं. पाणी खराब म्हटलं की उकळून प्या, हे आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. इथे उकळलं की बेंझीन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं आणि श्वासातून आत जातं. म्हणून ‘उकळू नका’ हे दोन शब्द त्या सूचनेत सर्वांत मोठ्या अक्षरांत हवेत, आणि लगेच पुढे कारणही. कारण नसलं की लोक सवयीने भांडं चढवतातच.

ही सूचना आली पाणीसंस्थेकडून. आगीची कॅल फायरकडून, रस्त्यांची शेरीफकडून, मदत केंद्रांची काउंटीकडून, विजेची वीज कंपनीकडून, शाळेची शाळेकडून. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं तरी घरी परतणाऱ्या माणसाला सहा दारं ठोठावावी लागतात, तीही फोनच्या उरलेल्या दहा टक्के बॅटरीवर.

मी एका झोनसाठी एक निवेदन कसं लिहीन, त्याचा हा नमुना. यातले तपशील कल्पित आहेत.

*अमुक झोन. बुधवार, सकाळी ६. आदेश: ऑर्डर कायम. आग काल रात्री ओढ्याच्या पश्चिमेला होती, तिने ओढा ओलांडलेला नाही. वरच्या रस्त्यावर घरं जळल्याचं आम्हाला माहीत आहे. किती आणि कुठली हे अजून माहीत नाही, पाहणी पथक उद्या दुपारपर्यंत पोचेल अशी अपेक्षा. खालच्या रस्त्यावर काल संध्याकाळपर्यंत एकही घर गेलेलं नव्हतं. परत जाण्याआधी तीन कामं बाकी: पूल तपासणं, पडायला आलेली झाडं तोडणं, वीजवाहिनी. आज परवानगी मिळणार नाही. गुरांना चारापाणी द्यायला जायचं असेल तर या क्रमांकावर बोला. पाणी: पिऊ नका, उकळूही नका, उकळल्याने विष हवेत मिसळतं. पुढचं निवेदन आज संध्याकाळी ६ ला, नवं काही नसलं तरी.*

दीडशे शब्दांच्या आतलं काम. एकर नाहीत, टक्के नाहीत. ‘आज परवानगी मिळणार नाही’ हे वाक्य लिहायला अधिकारी बिचकतात, लोक चिडतील म्हणून. पण ते वाक्य वाचलं की माणूस निदान चौकीवर चार तास रांगेत उभा राहत नाही, मुलांना घेऊन कुठेतरी आंघोळीची सोय बघतो. ‘माहीत नाही’ हेही लिहिलंय, आणि कधी माहीत होईल तेही. नुसतं ‘माहीत नाही’ हे हात झटकल्यासारखं वाटतं. सोबत वेळ आली की तो दिलेला शब्द होतो, आणि तो पाळावा लागतो.

वणव्यानंतर काउंटीच्या दिवाणी ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, या प्रकरणाची चौकशी केली. रहिवाशांचा राग बंब कमी पडले यावर होता तितकाच नंतरच्या प्रश्नांना धड उत्तरं मिळाली नाहीत यावरही होता. आग चालू असताना रोज सकाळ-संध्याकाळ समोर येणारे चेहरे आग विझल्यावर दुसऱ्या आगीवर गेले, ते स्वाभाविकच. पण प्रश्न त्यांच्याबरोबर गेले नाहीत.

पावसाळा आला तेव्हा आदेश पुन्हा निघाले. जळलेल्या उतारावर मुसळधार पाऊस पडला की माती, दगड आणि ओंडके यांचा लोंढा खाली येतो. २०१८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्याच मोंटेसिटोत अशाच लोंढ्याने २३ जणांचा जीव घेतला होता. जानेवारी २०२१ च्या अखेरीस सांताक्रुझच्या डोंगरातल्या हजारो लोकांना पुन्हा घरं सोडायला सांगितलं गेलं, पुन्हा झोनच्या नावाने. भीती होती तेवढा मोठा लोंढा त्या वादळात आला नाही. लोक काही दिवसांत परतले, आणि डोंगर तसाच काळा, उघडा, पुढच्या पावसाची वाट पाहत उभा होता.